दादाने न घातलेला वास

आईचे हात मी बरे केले.

आता हे वाक्य खोडून टाका. असं काही झालेलंच नाही. आमच्या घरात कोणालाही विचारा. आईच्या हातांचा विषय निघाला की सगळे दादाकडे बघतात आणि दादा नम्रपणे खाली बघतो, त्यामुळे तो आणखीच मोठा दिसतो. मला दोन्ही वेळा त्याच घरात जेवायचं असतं, म्हणून मीही दादाकडेच बघतो. तर आईचे हात अजून ठणठणीत आहेत, कोणी काही बरं केलेलं नाही, आणि गोष्ट इथून सुरू होते.

दादा आणि मी एकाच कंपनीत आहोत. कंपनी साबण, शाम्पू, क्रीम, पावडर, फरशी पुसायचं पाणी असं सगळं बनवते. म्हणजे माणसाला आणि फरशीला जे जे लावता येईल ते. दादा तिसऱ्या मजल्यावर बसतो. त्याच्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या आहेत, चौथ्या भिंतीवर बाटल्याच बाटल्या आहेत, आणि त्याचं काम वास बनवणं हे आहे. त्याला सगळे 'नाक' म्हणतात, तेही आदराने. "नाक आले का?" "नाक मीटिंगमध्ये आहेत." कंपनीने त्याच्या नाकाचा विमा उतरवलाय. मी एकदा कंपनीच्या जिन्यावरून पडलो तेव्हा कंपनीने ताबडतोब जिना तपासून घेतला.

मी तळमजल्यावर, बॉयलरच्या शेजारी. दादाने बनवलेल्या वासामुळे कोणाच्या कातडीवर खाज, लाली, पुरळ येईल का, याचा आधीच हिशेब करून सांगणं हे माझं काम. विभागाचं खरं नाव पाटीवर मावत नाही, म्हणून सगळे त्याला 'खाज खातं' म्हणतात. काम चांगलं झालं तर काय होतं? काहीही होत नाही. गावभर लोक हात धुतात, तोंडं धुतात आणि त्यांना काहीही होत नाही. ते माझ्यामुळे होत नाही. पण न झालेली गोष्ट पाहुण्यांना दाखवता येत नाही, आणि आमच्या घरी सगळं पाहुण्यांवर चालतं.

आमच्या बैठकीच्या खोलीत आईचं काचेचं कपाट आहे. त्यात दादाने वास घातलेली एकूण एक वस्तू मांडलेली आहे. पाहुणे आले की आई कपाट उघडते, झाकणं फिरवते आणि एकेक डबी त्यांच्या नाकाखाली धरते. फरशी पुसायच्या पाण्याचा वास घेऊन डोळे मिटणारी माणसं मी आमच्याच सोफ्यावर पाहिली आहेत. मला त्या कपाटात एक जागा हवी होती. फार नाही, एका डबीपुरती. खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, बिजागरीमागेसुद्धा चालली असती.

एकदा मी प्रयत्न करून पाहिला. हात धुवायच्या साबणाची एक बाटली आईपुढे ठेवली.

"यात काय आहे?" आईने विचारलं.

"आई, हा साबण वर्षभर विकला गेला आणि एकाचीही तक्रार आली नाही."

"कसली तक्रार?"

"कसलीच नाही. तेच तर."

आईने झाकण उघडून वास घेतला आणि तिचा चेहरा फुलला. "अगंबाई, हा तर दादाचा!" मग म्हणाली, "बरं झालं आणलास, बाथरूममधला संपलाच होता."

दादाचा वास ओळखता येतो, कारण तो प्रत्येक मिश्रणात एक घटक थोडासा घालतोच. त्या घटकाचं नाव हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल. पांढऱ्या, इवल्याशा, नुकतंच पाणी शिंपडलेल्या फुलांसारखा वास येतो. चित्रकार कोपऱ्यात सही करतो तशी ही दादाची सही. जाणकार बाटली हुंगून म्हणतात, "यात नाकाचा हात आहे." आईला मी काय काम करतो हे सांगता येत नाही, ती "तो खाली असतो" एवढंच म्हणते. पण 'हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल' हा शब्द ती एका दमात, कुठेही न अडखळता म्हणते, आणि म्हणून झाल्यावर पाणीसुद्धा मागत नाही.

हा घटक दिसतो तितका साधा नाही. वासाचे बरेच घटक तसे साधे नसतातच. कातडीला ते पहिल्यांदा लागतात तेव्हा ती काहीच बोलत नाही. नुसती लक्षात ठेवते. पुन्हा लागतात, पुन्हा गप्प. आणि मग पुरेसं साठलं की एखाद्या साध्या दिवशी सगळं एकदम बाहेर काढते. नातेवाइकांचा अनुभव असलेल्या माणसाला हे शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. आणि एकदा कातडीने मनात धरलं की ती आयुष्यभर विसरत नाही.

म्हणून आम्ही आधी हिशेब करतो. कातडीच्या एवढ्याशा चौकोनावर किती मात्रा बसली की ती मनात धरायला लागते, हा पहिला आकडा. माणसं सारखी नसतात म्हणून तो आकडा बराच खाली आणायचा. कातडी फुटलेली असू शकते म्हणून आणखी खाली. धुऊन टाकायची वस्तू असेल तर जरा ढील द्यायची, लावून ठेवायची असेल तर नाही. शेवटी जी मर्यादा उरते तिच्या खाली दादाला राहावं लागतं. दादाला माझ्या खाली राहावं लागतं अशी जगात ही एकच जागा आहे.

तर दादाने हातांना लावायचं एक क्रीम बनवलं. त्याचा वास म्हणजे दादाची आजवरची सगळ्यात मोठी कामगिरी, असं तिसऱ्या मजल्यावरून जाहीर झालं. नमुना खाली आला. मी झाकण उघडलं. वास इतका चांगला होता की मी दुपारी जेवलो नाही.

मी हिशेबाला बसलो. मर्यादेच्या खाली, चांगलं ऐसपैस खाली. पुन्हा केला. पुन्हा खाली. मग मी ते क्रीम काखेच्या तक्त्यात टाकून पाहिलं, कारण काखेची कातडी नाजूक आणि तिथली मर्यादा कडक असते. तिथे दादा छान नापास झाला. मी कागद घेऊन आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे गेलो.

"हातांचं क्रीम काखेत कोण लावतं?" मॅडमनी विचारलं.

"एखादा गोंधळलेला ग्राहक."

"हात कुठे, काख कुठे!"

"तसे एकाच फांदीवर आहेत, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा समोरच्याला बघायचा कंटाळा आलेला असतो. "नाक तुझा भाऊ ना रे?"

"असं घरी सांगतात."

"हातांच्या तक्त्यात घाल आणि मोकळा हो."

मी मोकळा झालो. क्रीम बाजारात गेलं आणि दुकानांच्या दर्शनी काचेत उभं राहिलं. आईच्या कपाटात त्याला वरचा कप्पा मिळाला, मधोमध, खाली छोटा रुमाल अंथरून. मला लहानपणी गोवर आला होता तेव्हासुद्धा माझ्याखाली इतका स्वच्छ रुमाल नव्हता.

काही आठवड्यांनी आईच्या बोटांच्या बेचक्यांत लाली आली. मग मनगटावर बारीक पुरळ, मग मानेवर. पापण्यासुद्धा सुजल्या. आई रात्रंदिवस हात खाजवायची आणि म्हणायची, "हवा बदललीय." मावशी म्हणाली, पोट साफ नसेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, नवीन बांगड्या असतील. आईच्या हातात बांगड्या नव्हत्या, पण काकू ठाम होत्या.

मी आईचे हात हातात घेऊन उजेडात बघितले आणि मला आनंद झाला. आईच्या हातावर पुरळ बघून ज्याला आनंद होतो अशा मुलाला काय म्हणतात, हे मला माहीत आहे. वहिनीने ते लगेच म्हणूनही दाखवलं.

वहिनी लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यामुळे बोलणं धोक्याकडे जायला लागलं की ती घरातसुद्धा उजवा पाय जमिनीवर दाबते.

"हे दादाच्या क्रीममुळे झालंय," मी जेवताना जाहीर केलं.

वहिनीने पाय दाबला.

"कशावरून?" दादाने विचारलं. तो रागावला नाही. दादा चांगला माणूस आहे, हीच त्याची मला सगळ्यात न आवडणारी गोष्ट.

"तुझी सही. तिच्यामुळेच होतं असं."

"पण तूच तर पास केलंस ना ते?"

मी घास गिळला. माझं बरोबर असेल तर माझा हिशेब चुकला, आणि हिशेब बरोबर असेल तर मी नुसताच जळतोय.

"भाऊजी, जळतंय ते क्रीम नाही," वहिनी म्हणाली. "वरण घेता का अजून?"

आई तर पुरळ दुखत होतं म्हणून त्यावर दादाचं क्रीम चोळत होती.

मी रजा टाकली आणि एक अख्खा दिवस आईच्या मागे फिरलो. तिला वाटलं, मला नोकरीवरून काढलंय, तिने मायेने विचारलं, "दादाला बोलायला सांगू का वरती?" मी म्हटलं, नको, तू तुझं चालू दे. आणि तिने चालू दिलं.

सकाळी आंघोळीला दादाचा साबण. केसांना दादाचा शाम्पू. अंगाला दादाची पावडर, तोंडाला दादाचं लोशन. भांडी दादाच्या लिक्विडने, फरशी दादाच्या पाण्याने, आणि दोन्ही कामं उघड्या हातांनी, कारण हातमोजे घातले तर वास हाताला राहत नाही. प्रत्येक कामानंतर हात धुणं दादाच्या साबणाने, आणि धुतले की वरून दादाचं क्रीम. क्रीम मानेलाही, अत्तरासारखं. रुमालालाही. दुपारी काकू आल्या तेव्हा आईने त्यांच्यासमोर क्रीम लावून दाखवलं. त्या गेल्या आणि मावशी आली, म्हणून पुन्हा लावून दाखवलं. संध्याकाळी कोणीच आलं नाही, तर तिने उशीच्या अभ्र्यावर बोट फिरवलं आणि आडवी झाली.

मला कळलं. एकेक वस्तू आपापल्या तक्त्यात अगदी शहाण्यासारखी बसलेली होती. सगळ्यांची बेरीजही आम्ही धरतो, नाही असं नाही. पण ती एका साध्या माणसाची धरतो. साधा माणूस साबण इथला घेतो, पावडर तिथली घेतो, क्रीम विसरून जातो. त्याचा मुलगा वास बनवत नसतो. हिशेब बरोबर होता, क्रीमही बरोबर होतं. फक्त हौसेने एकाच मुलाचा घटक डोक्यापासून पायापर्यंत लावणारी बाई कोणत्याच तक्त्यात नव्हती. बॉयलरशेजारी बसून मी सगळ्या जगाच्या कातडीचा विचार केला होता, आणि आईचा अभिमान तेवढा धरायचा राहिला होता. तो दर चौरस सेंटिमीटरला किती बसतो, हे मला चांगलंच माहीत असताना.

आईला मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दादा आणि वहिनी पण आले. डॉक्टरीणबाईंनी आईच्या पाठीवर ओळीने छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीखाली वेगळा घटक, आणि तुलनेसाठी एका पट्टीखाली काहीच नाही, नुसतं व्हॅसलीन. पालथी पडल्या पडल्या आई त्यांना सांगत होती, "माझा मोठा मुलगा नाक आहे."

"आणि हे?" बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं.

"तो खाली असतो."

काही दिवसांनी पाठ बघायला पुन्हा गेलो. बाकी सगळ्या पट्ट्यांखालची पाठ स्वच्छ होती, आणि एकाच पट्टीखाली लालभडक, फुगलेला, खाजरा चौकोन उठला होता. बाईंनी कागदावर नाव शोधलं आणि वाचायला लागल्या, "हाय... हायड्रॉक्सी..."

"...सिट्रोनेलाल," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

मी विजयाने दादाकडे बघितलं. दादाचा चेहरा पांढरा पडला होता. आणि तेवढ्यात आई उठून बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"बघितलंत?" ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांतून नेमकं त्याचंच ओळखलं अंगाने. आईचं अंग आहे शेवटी!"

दादाने तिचा हात धरला. वहिनीने डोळे पुसले. डॉक्टरीणबाईसुद्धा क्षणभर हलल्या, मग त्यांनी आईला सांगितलं की ही ओळख आता आयुष्यभराची, तेव्हा या घटकापासून कायमचं लांब राहायचं, आणि वासाचं काहीच वापरू नका.

मी आईच्या पाठीकडे बघत होतो. शेवटच्या पट्टीखाली, जिथे काहीच लावलेलं नव्हतं, तिथे काहीच झालेलं नव्हतं. अगदी नितळ. ती जागा माझी. दादाच्या नावाने आईच्या अंगावर काटा नाही, फोड उठतो. माझ्या नावाने तिच्या पाठीला साधी लालीही येत नाही. आईच्या पुरळावर जळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि डॉक्टरीणबाईंच्या आरशात तो अचानक समोर आला.

पण आता माझी पाळी होती. वासाचं काहीच नको, म्हणजे दादा नकोच. मी मॅडमची परवानगी काढली आणि प्रयोगशाळेत बसून आईसाठी क्रीम बनवून घेतलं. एकेक घटक मी निवडला, आणि ज्याच्यावर तिळाएवढा संशय होता तो काढून टाकला. शेवटी जे उरलं ते पांढरं, जाडसर, गरीब दिसणारं होतं. वास म्हणाल तर बंद खोलीतल्या मेणबत्तीचा, तोही लक्ष दिलं तर. डबीवर काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

दादा पहिल्यांदाच खाली आला. बॉयलरच्या आवाजात त्याला दोनदा ओरडावं लागलं.

"आईचं क्रीम झालं का?"

"झालं."

त्याने झाकण उघडलं, डोळे मिटले आणि ते विमा उतरवलेलं नाक डबीजवळ नेलं. मला वाटलं, आता म्हणेल मेणाचा वास झाकायला इवलंसं काहीतरी घालूया. तो तोंड उघडून मिटत होता. शेवटी म्हणाला, "काही घालायला नको याच्यात." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता. मग म्हणाला, "मी नेऊन देऊ आईला? माझ्यामुळेच झालंय सगळं."

मी डबी दिली. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. बॉयलरशेजारी तशी कारणं सुचत नाहीत.

लाली उतरली. पुरळ गेलं. पापण्या जागेवर आल्या. आईने बाकीचं सगळं वापरणं सोडलं. दादाच्या बाटल्या कपाटात बंद राहिल्या, आणि पाहुण्यांना ती त्या काचेतून लांबूनच दाखवायला लागली. त्या रविवारी मावशी आणि काकू आल्या होत्या. मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मधोमध, त्या छोट्या रुमालावर माझी डबी होती.

मी ट्रे घेऊन कपाटाजवळच उभा राहिलो.

आईने डबी काढली, झाकण फिरवलं आणि मावशीच्या नाकाखाली धरली. "घे वास."

मावशीने खोल श्वास घेतला. "कसलाच येत नाही गं."

"नाहीच येणार!" आई म्हणाली. "दादाने यात काहीच घातलं नाही."

"काहीच नाही?" काकूंनी छातीवर हात ठेवला.

"काही म्हणजे काही नाही. एवढं मोठं नाक, पण आईसाठी थांबला बघा."

डबी एका नाकाखालून दुसऱ्या नाकाखाली गेली. मावशीने डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "काहीच न घालणं सोपं नसतं हो, त्याला तसा हातच लागतो." दादा म्हणाला, "आई, अगं हे मी नाही, हे तर..." तर सगळ्या एकदम म्हणाल्या, "बघा, किती साधा आहे!" वहिनीने पाय दाबला, पण गाडी केव्हाच पुढे गेली होती. पुढच्याच आठवड्यात कंपनीने ठरवलं की हे क्रीम बाजारात आणायचं. डबीवर लिहायचं ठरलं: 'नाकाने यात काहीही घातलेलं नाही.' तपासायला ते माझ्याकडेच आलं. तपासायला त्यात काहीच नव्हतं. मी पास केलं.

पण त्या रविवारी, पाहुणे गेल्यावर, मी आईच्या समोर बसलो होतो.

"आई, ते क्रीम मी बनवलंय."

"माहीत आहे रे मला."

"मग?"

"अरे, तू नाही घातलंस, तर तुझ्याकडे घालायला होतंच काय? त्याच्याकडे भिंतभर होतं." तिने नेहमीसारखे दोन्ही हात माझ्यापुढे केले. हल्ली रोज करते. दादापुढे करत नाही, त्याला वाईट वाटतं म्हणून. "बघ रे, बरे आहेत ना?"

मी एकेक बोट उजेडात धरून बघितलं. बेचक्या, मनगटं, नखांच्या कडा. कुठेही काहीही नव्हतं.

सबब, आईच्या सेवेशी विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार हा आपला धाकटा मुलगा असून सध्या खाली असतो. तरी सदर डबीमध्ये जे जे काही घातलेले नाही, ते सर्व, तसेच आपल्या दोन्ही हातांवर, मानेवर व पापण्यांवर यापुढे जे जे काही उठणार नाही, तेही सर्व, मोठ्या मुलाच्या नावावरून कमी करून अर्जदाराच्या नावे लावण्यात यावे. आणि तशी पाहुण्यांना वेळोवेळी, अर्जदार ट्रे घेऊन बाहेर येण्यापूर्वी, तोंडी सूचना देण्यात यावी, ही नम्र विनंती.